अत्तर लावून येऊ नये

पूर्णेच्या शाखेत मी १९८९ साली अधिकारी म्हणून रुजू झालो. जंक्शनचे गाव. नांदेड-परभणीच्या मार्गावरून हिंगोली-अकोल्याकडे फाटा फुटतो तो इथेच. बदलीवर येणाऱ्या माणसाला गावाच्या आधी स्टेशनच ओळखीचे होते. शाखेला स्वतःचा असा एक वास होता. जुन्या नोटांचा, लाखेचा, कार्बन पेपरचा आणि सकाळी सव्वादहानंतर उदबत्तीचा. कॅश काउंटरमागच्या देवाच्या तसबिरीपुढे शिपाई एक नाही, चांगल्या सात-आठ काड्या एकदम लावत असे. त्यात माझी भर असायची अत्तराची. निजामाच्या राज्यात वाढलेल्या वडिलांकडून घेतलेली ही सवय. हिना नाहीतर खस, कानाच्या पाळीत एवढासा फाया. त्याशिवाय घराबाहेर पडलो तर अंगावर सदरा नसल्यासारखे वाटे.

परभणीहून रोज गाडीने येणाऱ्या एक बाई आमच्याकडे क्लार्क होत्या. कामाला चोख. पण साडेदहाला त्यांच्या शिंका सुरू होत आणि दुपारपर्यंत छातीतली घरघर शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू येई. रुमाल नाकाला लावूनच त्या लेजर भरायच्या. उदबत्ती बाहेरच्या ओट्यावर लावली तर बरे, असे त्यांनी एकदा सुचवले, तेव्हा सगळी शाखा हसली. मीही हसलो. पुढे वर जाणाऱ्या कागदात मी त्यांच्याविषयी एक ओळ लिहिली. कामात हुशार, परंतु सहकाऱ्यांत मिसळत नाहीत, अशा अर्थाची. वर्षभरात त्यांनी बदली मागून घेतली.

या गोष्टीला बरीच वर्षे झाल्यावर मी मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराचे चरित्र वाचायला घेतले. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने त्याला टाळून चालत नाही, म्हणून. त्यात एके ठिकाणी आले की, त्याला भेटायला येणाऱ्यांनी अत्तर लावून येऊ नये असा त्याच्या घरचा नियमच होता. पुस्तक मिटून मी थोडा वेळ तसाच बसलो. त्या बाईंचा रुमाल डोळ्यांसमोर आला.

प्रूस्तचा जन्म १० जुलै १८७१चा, पॅरिसमधल्या ओतय इथला. आई झान ही श्रीमंत ज्यू घराण्यातली, वाचणारी, विनोदी आणि मुलावर जीव टाकणारी. वडील आद्रियँ हे इलिए नावाच्या लहान गावातल्या दुकानदाराचे चिरंजीव, स्वतःच्या हिमतीवर पॅरिसमधले नावाजलेले डॉक्टर झालेले. पटकीची साथ हा त्यांचा विषय. ज्या पटकीने आपल्याकडच्या यात्रा आणि गावेच्या गावे ओस पाडली, तीच गंगेच्या मुखाकडून निघून इराण, रशिया, इजिप्त करीत युरोपात शिरत असे. तिचा माग काढायला हे गृहस्थ १८६९ साली थेट इराणपर्यंत जाऊन आले. बंदरांवर आणि सरहद्दींवर तपासणीचे कडे उभारून साथ अडवायची, या मताचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. पुढे ते आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. एका खंडाचे दार साथीला बंद करू पाहणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र, त्याच्याच मुलाच्या नाकातून शत्रू आत शिरला. तोही फुलांच्या परागांच्या रूपाने.

मार्सेल नऊ वर्षांचा होता. वसंताचे दिवस. पॅरिसच्या ब्वा द बुलोन्य या मोठ्या बागेत घरची आणि ओळखीची मंडळी फिरायला गेली होती. परतताना पोराचा श्वास अडकला. असा अडकला की, इतके रोगी पाहिलेल्या बापालाही मुलगा हातचा जातो की काय असे वाटले. दम्याचा हा पहिला झटका. त्यानंतर वसंत हा त्याच्यासाठी सणाचा ऋतू राहिला नाही. इलिएला वडिलांच्या बहिणीकडे सुट्टीत जायचे, कुंपणावर फुललेल्या हॉथॉर्नच्या पांढऱ्या-गुलाबी फुलांपुढे तासन्‌तास उभे राहायचे, हे त्याचे सर्वांत मोठे सुख होते. तेच आता अंतरले. ज्या फुलांवर जीव, त्यांच्याच जवळ गेले की जीव जायची वेळ.

शाळा त्याने केली, कायद्याची आणि तत्त्वज्ञानाची पदवीही घेतली. १८८९-९०मध्ये ऑर्लेआँ इथे वर्षभर लष्करी सेवाही केली. तिथे एक गंमतच झाली. रात्रीच्या त्याच्या खोकल्याने इतर सैनिकांची झोपमोड होऊ लागली, तेव्हा वरिष्ठांनी त्याला बराकीऐवजी गावात खोली घेऊन राहायला सांगितले. लष्करातली ही सवलत त्याला आवडलीही असावी. पुढची दहा-पंधरा वर्षे पॅरिसच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांत गेली. उमराव बायका, त्यांचे रेशीम, त्यांची अत्तरे, त्यांची कुजबुज. सगळ्यांना वाटे की हा गोड बोलणारा, मोठमोठ्या डोळ्यांचा तरुण नुसता वेळ दवडतो आहे. प्रत्यक्षात तो साठवत होता. घरी परतल्यावर मात्र त्या संध्याकाळची किंमत मोजावी लागे. कधी रात्रभर, कधी दोन दिवस.

डॉक्टर काय म्हणत? बहुतेकांच्या मते हा मज्जातंतूंचा विकार होता. मनाचा, हळवेपणाचा, आईच्या फाजील लाडांचा. गंमत अशी की, दमेकऱ्यांनी कसे राहावे यावर ब्रिसो नावाच्या एका प्रसिद्ध डॉक्टरांनी १८९६ साली पुस्तक लिहिले आणि त्याला प्रस्तावना होती खुद्द आद्रियँ प्रूस्त यांची. म्हणजे घरातच तज्ज्ञ, आणि तज्ज्ञाचा कल असा की मन खंबीर केले तर श्वास मोकळा होईल. नाकाच्या आतला भाग पुन्हा पुन्हा डागून घेण्याचा उपायही मार्सेलने सोसला. आपल्याकडे पोटावर बिब्ब्याच्या डागण्या देत, त्यातलाच हा सुधारलेला प्रकार. उपयोग शून्य.

१९०३मध्ये वडील गेले, १९०५च्या सप्टेंबरात आई गेली. त्याच वर्षाच्या शेवटी तो डॉ. सोलिए यांच्या आरोग्यधामात सहा आठवडे राहून आला. आईला तसा शब्द दिला होता म्हणे. काही गुण आला नाही. पस्तिशीतला तो मुलगा आता एकटा होता. बुलव्हार ओसमान या गजबजलेल्या रस्त्यावर १०२ क्रमांकाच्या इमारतीत त्याच्या आईच्या काकांची जागा होती, तिथे तो १९०६च्या अखेरीस राहायला गेला. जागा तशी वाईटच. खाली वाहनांची धूळ, समोर चेस्टनटची झाडे. पण आईने पाहिलेले घर, म्हणून ती.

या घरातली त्याची खोली जगप्रसिद्ध झाली. १९१० साली त्याने भिंतींना आणि छताला बुचाच्या लाकडाचे, म्हणजे बाटलीच्या बुचाला वापरतात त्या सालीचे तक्ते ठोकून घेतले. ते आवाजासाठी. खिडक्या, झडपा, जाड पडदे कायम बंद. ते पराग, धूळ आणि उजेडासाठी. वासासाठीचे नियम याहून कडक. फुलदाणी नाही. येणाऱ्याच्या अंगाला सुगंध नाही. स्वयंपाकाचा वास सहन होत नसे, म्हणून जेवण बहुतेक बाहेरच्या हॉटेलातून यायचे. तेही अगदी थोडे. त्याचा खरा आहार म्हणजे दूध घातलेली कडक कॉफी. काडेपेटीच्या गंधकाचाही त्रास, तेव्हा बाहेरच्या बोळात एक मेणबत्ती दिवसरात्र तेवत ठेवलेली असे आणि पांढऱ्या कागदाचे चिटोरे तिच्यावर पेटवून तो आपले औषध पेटवी. शेवटच्या वर्षांत बाहेरून आलेली पत्रेसुद्धा फॉर्मॅलिनच्या पेटीत निर्जंतुक करून मग हाती घेतली जात. हा वडिलांचा वारसा! आज त्वचेच्या डॉक्टरांना विचाराल तर ते सांगतील की, ॲलर्जी आणणाऱ्या रसायनांच्या यादीत फॉर्मॅलिनचे नाव बरेच वर आहे.

आणि ते पेटवायचे औषध कोणते? लग्राची पूड म्हणून मिळे. तिच्यातला मुख्य घटक धोतरा. होय, आपल्या उकिरड्यावर उगवणारा आणि महादेवाला वाहायचा, त्याच कुळातला. दम्यावर धोतऱ्याची पाने चिलमीतून ओढण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. १८०२च्या सुमारास मद्रासच्या डॉ. अँडरसन यांच्याकडून ती जनरल जेंट या अधिकाऱ्याने विलायतेत नेली आणि शंभर वर्षांत युरोपभर दमेकऱ्यांच्या सिगारेटी आणि पुडी विकल्या जाऊ लागल्या. धोतऱ्यातल्या द्रव्याने श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल पडतात, हे खरे आहे. ते विष आहे, हेही तितकेच खरे. वाचकांनी घरी प्रयोग करू नये. प्रूस्तच्या खोलीत या धुराचे इतके लोट असत की आत येणाऱ्याला पलंग दिसत नसे. अत्तराच्या थेंबाने कासावीस होणारा माणूस असल्या धुरात बसतो कसा, असे लोकांना वाटायचे आणि मग ठरायचे की सगळे सोंग आहे. आमच्या शाखेतही असेच म्हणत. गाडीच्या गर्दीत बाईंना काही होत नाही, उदबत्तीनेच कसे होते?

याच सुमारास, त्याच शहरात आणि व्हिएन्नात, उत्तर सापडत होते. पॅरिसच्या शार्ल रिशे यांनी १९०२मध्ये दाखवून दिले की, एखाद्या पदार्थाशी पहिली गाठ पडल्यावर शरीर सुरक्षित होण्याऐवजी उलट अधिकच हळवे होऊ शकते. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६मध्ये या सगळ्या प्रकाराला ॲलर्जी हे नाव दिले. १९०६, म्हणजे प्रूस्त त्या बंद घरात राहायला गेला तेच वर्ष. शब्द तयार झाला होता, पण त्याच्या उशापर्यंत पोचला नाही.

आज डॉक्टर दोन गोष्टी वेगळ्या करतात. सुगंधी द्रव्य कातडीला लागून खाज, पुरळ, इसब उठणे ही खरी ॲलर्जी. पाठीवर पट्ट्या चिकटवून तिची तपासणी होते. दुसरे म्हणजे दमा असलेल्याच्या आधीच सुजलेल्या श्वासनलिका वासाने चेतवल्या जाऊन आवळणे. याला बहुधा ॲलर्जी म्हणत नाहीत, पण गुदमरणे तेवढेच खरे. नैसर्गिक अत्तर म्हणजे निर्धोक, हा समजही टिकत नाही. लव्हेंडरसारख्या वनस्पतींच्या तेलातले लिनालूल हवेत राहून बदलते आणि मग कातडीला बाधते. युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर अशा २६ सुगंधी द्रव्यांची नावे छापणे बंधनकारक होते, २०२३च्या नियमाने ती संख्या ८०च्या घरात नेली. आमच्या उदबत्तीत तर सुगंधापेक्षा धूरच अधिक.

इथे मला गोपाळ गणेश आगरकरांची आठवण होते. प्रूस्तपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, टेंभूच्या गरिबीतून वर आलेले. दम्याने त्यांनाही आयुष्यभर छळले. त्यांच्यापाशी बुचाची खोली नव्हती की मागेपुढे करणारी माणसे नव्हती. होते ते फर्ग्युसनचे वर्ग, 'सुधारक'चे अंक आणि त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे पुणे. १७ जून १८९५ रोजी, अवघ्या ३९व्या वर्षी ते गेले. दम्याच्या माणसाने जगावे कसे याचे हे दोन टोकांचे नमुने. एकाने दार बंद करून घेतले, एक दाराबाहेर उभा राहून बोलत राहिला. दोघांनाही घाई होती, एवढे मात्र सारखे.

प्रूस्तची घाई त्या बंद खोलीत पलंगावर चालू होती. दिवसा झोप, रात्री लेखन. अंगावर स्वेटरवर स्वेटर, पायाशी गरम पाण्याच्या पिशव्या, गुडघ्यावर वही. गेलेल्या काळाचा शोध घेणारी त्याची सात भागांची प्रचंड कादंबरी अशी लिहिली गेली. आणि ती उघडून पाहावी तर काय, पानोपानी वास! लिंडनच्या फुलांच्या चहात बुडवलेल्या केकचा, जुन्या घरातल्या कपाटांचा, पावसानंतरच्या पानांचा, समुद्राचा. रस्त्यावरून मोटार गेल्यावर मागे राहणाऱ्या पेट्रोलचासुद्धा. ज्याला नाकाने बाहेरचे जग मना केले, त्याने ते सगळे आठवणीतून हुंगले. मी हे वाचताना एका ठिकाणी थबकलो. पहिल्याच पानांत एका परक्या खोलीचे वर्णन आहे आणि तिथल्या अनोळखी वासाने त्या मुलाचा जीव नकोसा होतो. तो वास वाळ्याचा आहे! पूर्णेच्या उन्हाळ्यात ज्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून आम्ही दुपारी झोपत होतो, ज्याचे अत्तर मी कानात घालून शाखेत जात होतो, तोच हा वाळा. मला जो घरचा, तो त्याला शत्रूचा. एका वासात इतके अंतर असू शकते, हे मला या वाक्यापर्यंत उमगले नव्हते.

फुले पाहायची हौस त्याने सोडली नाही. मोटारीच्या काचा घट्ट लावून तो फुललेली झाडे पाहायला जाई आणि काचेआडूनच पाहून परते.

या सगळ्या पसाऱ्यात त्याला सांभाळले ते सेलेस्त अल्बारे या खेडवळ तरुणीने. त्याच्या नेहमीच्या टॅक्सीवाल्याची ही बायको. १९१३च्या सुमारास किरकोळ कामाला म्हणून आली आणि शेवटपर्यंत राहिली. मालक हाक मारीपर्यंत हालचाल करायची नाही, रात्रीची सकाळ मानायची, आणि खोली झाडायची ती मालक बाहेर पडल्यावरच. हे तिने बिनतक्रार केले. तिने कधी हे सोंग मानले नाही. पन्नास वर्षांनी, १९७३ साली, तिच्या आठवणींचे पुस्तक निघाले, म्हणून तर मेणबत्तीपासून कॉफीपर्यंत सगळे आपल्याला ठाऊक.

कादंबरीचा पहिला भाग प्रकाशकांनी नाकारला. नकार देणाऱ्यांत आंद्रे जीद हा मोठा लेखकही होता, ज्याने पुढे पत्र लिहून चूक कबूल केली. प्रूस्तने १९१३मध्ये तो पदरच्या पैशाने काढला. १९१९मध्ये दुसऱ्या भागाला गोंकूर पुरस्कार मिळाला. बँकेतल्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा गृहस्थ पलंगावर पडून शेअरबाजार खेळत असे. लिओनेल हौझर हा नात्यातला बँकर कळवळून सल्ला देई, तो बाजूला ठेवून हा लांबच्या देशांतल्या रेल्वेचे आणि रबराच्या मळ्यांचे शेअर घेई आणि हात पोळून घेई. अशा खातेदाराला समजावताना काय होते ते मला विचारा. त्यात १९१९ साली मामीने ती इमारतच एका बँकवाल्याला विकली. बुचाची खोली गेली. तिथे पुढे बँकेचे कामकाज सुरू झाले.

उरलेली तीन वर्षे भाड्याच्या थंड घरात गेली. १९२२च्या शरदात एका मेजवानीहून परतताना सर्दी झाली, तिचे न्यूमोनियात रूपांतर झाले. डॉक्टरांना तो जवळ येऊ देईना, स्वतःचा सख्खा भाऊ रोबेर नामांकित सर्जन असूनही. मुद्रिते तपासायची राहिली होती. १८ नोव्हेंबरला दुपारी तो गेला. वय ५१. शेवटचे तीन भाग त्याच्यामागे निघाले, अखेरचा १९२७मध्ये.

त्या क्लार्क बाई मला पुढे परभणीत एका लग्नात भेटल्या. दारात गुलाबपाणी शिंपडले जात होते आणि त्या मांडवाच्या पार कडेला, वाऱ्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. कशा आहात साहेब, एवढे त्यांनी विचारले. कानात फाया होता, म्हणून मी चार हातांवरच थांबलो. त्या कागदातल्या ओळीबद्दल बोलायचे होते, ते राहिले. त्यांनी ती कधी वाचली की नाही, कोण जाणे.

प्रूस्तच्या वस्तूंचे पुढे जे झाले, ते त्याच्या कादंबरीत शोभले असते. भाऊ रोबेर १९३५ साली वारला. त्याच्या विधवेला या विक्षिप्त दिराच्या कागदांची लाज वाटे. तिने ते जाळायला घेतले आणि सामान जुन्या बाजारात काढले. रोबेरने पूर्वी ज्याचे अपेंडिक्स काढले होते, असा एक जुन्या पुस्तकांचा शौकीन तरुण धावून आला. भंगारवाल्याला गाठून, पुन्हा पुन्हा खेटे घालून त्याने वह्या, पत्रे, पितळी पलंग, निळी चादर असे जे मिळेल ते विकत घेतले. प्रूस्तचा तो फरचे अस्तर असलेला ओव्हरकोट भंगारवाला मासे धरायला जाताना पायांवर गुंडाळून घेत असे. तोही त्याने सोडवून आणला. चाळीसएक वर्षे जिवापाड जपून १९७३मध्ये त्याने खोलीचे सामान पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयाला देऊन टाकले.

या तरुणाचे नाव झाक गेरँ. धंदा सुगंधाचा. दॉर्से या नामांकित अत्तर कंपनीचा तो मालक होता.

पलंग आज संग्रहालयात मांडलेला आहे. कोट मात्र फार जीर्ण, म्हणून तो आतल्या भांडारात, पातळ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला होता.